शेजारच्या कप्प्यातली दोन कार्डं

मित्रांनो, तळहाताच्या निम्म्यात मावेल असा मी प्लास्टिकचा एक जुना तुकडा. लोक मला क्रेडिट कार्ड म्हणतात. अंगावरची चकाकी केव्हाच गेली, मालकाच्या नावाची अक्षरं घासून पुसट झाली. तरी निरखून पाहिलंत तर 'यज्ञेश्वर' एवढं वाचता येईल. बसा थोडा वेळ. माझ्याशी बोलायला फारसं कोणी येत नाही.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथला उबदार पांढरा उजेड आणि चिप बसवताना झालेली गुदगुली, एवढंच मला आठवतं. मग जो झोपलो तो जागा झालो यवतमाळच्या एका बँकेत, देवरावांच्या टेबलावर. देवराव म्हणजे तिथले कर्जाचं काम पाहणारे साहेब, आणि यज्ञेश्वररावांचे गल्लीतले शेजारीही. "वापरा भाऊ, पण तारीख चुकवू नका," असं म्हणून त्यांनी मला माझ्या मालकाच्या हाती सोपवलं.

यज्ञेश्वरराव एका कॉलेजात हेडक्लार्क. माणूस हौशी, मनाचा मोकळा, आणि थोडा मोठेपणाचा भुकेला. त्यांच्या चामड्याच्या पाकिटात माझं आयुष्य गेलं. तिथे सदा मऊ अंधार असायचा. समोर त्यांच्या बायकोचा, शोभाताईंचा, लग्नाआधीचा एक फोटो होता. त्याच्याकडे बघत मी झोपी जायचो आणि स्वप्नं पाहायचो. मध्येच कोणी मला उजेडात काढायचं, यंत्राला टेकवायचं, बारीकसा आवाज व्हायचा, की पुन्हा अंधार. जग मी असं डुलकी घेत घेतच पाहिलं. औषधांचं दुकान, चपलांचं दुकान, गौरीची जाडजूड पुस्तकं. गौरी त्यांची एकुलती एक लेक. ती नागपूरला फिजिओथेरपी शिकत होती. त्या पुस्तकांवर माणसाच्या कण्याचं चित्र होतं. पुढे कित्येक दिवस माझ्या स्वप्नात ते पांढरे मणके चांदण्यातल्या पायवाटेसारखे लांब जात राहिले.

माझं बिल कधी थकलं नाही. कसं थकणार? रोज सकाळी दुधाच्या डेअरीवर देवराव भेटायचे. "त्याले रोज तोंड दाखवा लागते न," यज्ञेश्वरराव म्हणायचे आणि तारखेच्या आधीच पैसे भरायचे. देवराव चारचौघांत त्यांची तारीफ करायचे. ती ऐकून मालकाच्या खिशात मीही जरा ताठ व्हायचो. खोटं कशाला बोलू?

मग एके दिवशी शेजारच्या कप्प्यात दोन नवी कार्डं राहायला आली. एक निळं, एक सोनेरी. दोन्ही वेगवेगळ्या परक्या बँकांची, फोनवर गोड बोलून आलेली. स्वभावाने मात्र चांगली होती बिचारी. निळं कार्ड समुद्राची स्वप्नं पाहायचं आणि मला सांगायचं. मी समुद्र पाहिलेला नाही, पण त्याच्यामुळे मला लाटांचा आवाज माहीत झाला.

गौरी पास झाली तेव्हा यज्ञेश्वररावांनी सगळ्या गणगोताला हॉल घेऊन जेवण दिलं. खर्च त्या दोन नव्या कार्डांवर टाकला. लोक तोंड भरून कौतुक करून गेले. पुढे त्या दोघांची बिलं येऊ लागली, व्याज चढू लागलं. वसुलीसाठी फोन करणाऱ्या बँकेच्या कोणा पोराने उद्धट शब्द वापरला आणि यज्ञेश्वररावांचं डोकं फिरलं.

"नाई देत जा!" त्यांनी फोन ठेवला. स्वतःशीच पुटपुटले, "मी माणूस पाहून पैसे देतो. यायले कोण वळखते?"

शोभाताईंच्या कानावर यातलं काहीही गेलं नाही. निळ्याला आणि सोनेरीला पाकिटातून काढून कपाटात जुन्या स्वेटरांखाली ठेवलं गेलं. शेजार सुना झाला. माझं बिल मात्र पूर्वीसारखंच वेळेवर जात होतं, म्हणून मी निर्धास्त झोपलो. मला वाटलं, माझं घर वेगळं, त्यांचं घर वेगळं. यज्ञेश्वररावांनाही तसंच वाटत होतं.

गौरीच्या मनात मात्र एक खोली होती. पांढरकवड्याला, हायवेला लागून. तिथे दिवसभर ट्रक थांबतात आणि ड्रायव्हर कमरेवर हात ठेवून वाकडे होत खाली उतरतात. त्या पाठी सरळ करायच्या, असं तिने ठरवलं होतं. तिने साठवलेल्या पैशांतून खोलीचा अॅडव्हान्स दिला. उपचाराच्या मशीनसाठी कर्ज हवं होतं, आणि जामीनदार म्हणून बाप उभा राहणार होता. दसऱ्यापर्यंत मशीन आली नाही तर खोली मोबाईलच्या दुकानवाल्याला जाणार, असं खोलीच्या मालकाने सांगितलं होतं.

त्या दिवशी यज्ञेश्वररावांनी इस्त्रीचा शर्ट घातला. खिशात मी आणि नवा पेन. देवरावांनी चहा मागवला, कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"भाऊ, बाकीच्या दोन कार्डांचं काय झालं?"

"ते तर दुसऱ्या बँकांचे होत न. तुमचं काही थकलं काय?"

"आमचं नाई थकलं. पण साऱ्या बँका आपली माहिती एकाच जागी पाठवतात. कोणाचं भरलं, कोणाचं बुडवलं, सारं सगळ्यांले दिसते." देवरावांनी मान खाली घातली. "तुमचा जामीन नाई चालत. अन् हे आपलं कार्ड हाय न, याची लिमिटही वरूनच कमी केली. मेसेज आला असंल तुम्हाले."

मित्रांनो, मी टेबलावर पडून हे ऐकत होतो. मी काय केलं होतं? एकही तारीख चुकवली नव्हती. मला फार वाईट वाटलं. आणि त्याच वेळी कळलं की आम्हा तिघांना एकच नाव होतं. पुसट का होईना, तेच नाव माझ्याही अंगावर होतं.

घरी यज्ञेश्वररावांनी सगळं सांगून टाकलं. शोभाताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, आवाज खणखणीत. पण त्या दिवशी त्या हळूच बोलल्या. "मले सांगतलं काहून नाई?"

गौरी बाबांसमोर येऊन बसली. मग म्हणाली, "बाबा, देवरावकाकाले तुम्ही वळखता, म्हणून त्यायचे भरले. उद्या माह्याकडे बिनवळखीचा ड्रायव्हर आला, तर त्याची पाठ मी तशीच सोडून देऊ काय?"

यज्ञेश्वरराव उठून अंगणात गेले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दोन्ही बँकांना स्वतः फोन केले आणि जमेल तसं फेडायला सुरुवात केली. पण नावावरचा डाग लगेच जात नाही. तो काही वर्षं दिसत राहतो, असं देवरावांनी सांगितलं. दसरा तर तोंडावर आलेला. शेवटी शोभाताई जामीन राहिल्या.

सह्यांच्या दिवशी मायलेकी काचेच्या केबिनमध्ये बसल्या होत्या. यज्ञेश्वरराव बाहेर बाकावर. काचेतून त्यांना लेकीचं हसू दिसत होतं, शब्द ऐकू येत नव्हते. त्यांनी सवयीने पेन काढून, टोपण उघडून हातात धरला होता. गौरी बाहेर आली.

"झालं बाबा. कर्ज मंजूर झालं."

"माही सही?"

"नाई लागली, बाबा."

ते हसले, "बरं झालं," म्हणाले आणि टोपण लावायला गेले. ते काही केल्या बसेना. शेवटी गौरीनेच त्यांच्या हातून पेन घेऊन टोपण लावलं.

मित्रांनो, आता माझी मुदत संपत आली आहे. लवकरच कात्रीने माझे दोन तुकडे होतील, आणि मी कायमचा झोपेन. त्याआधी एवढंच मागतो. ज्याचं तोंड रोज पाहता त्याचं देणं देताच. ज्याचं तोंड कधी पाहिलं नाही, त्याचंही देऊन टाका. पैसे आज ना उद्या फिटतात. पण लेकीच्या पहिल्या कागदावर सही करायचा दिवस बापाला एकदाच मिळतो.