खेळाचं नाव

सोमनाथनं शालूचा पदर स्वतःच्या खांद्यावर टाकला, निऱ्यांसारखी एक घडी कमरेशी धरली आणि गिऱ्हाइकाकडे वळून उभा राहिला. गुलमंडीतल्या या दुकानात तो तरुणपणापासून हेच करत आला होता. मिशीवाला माणूस अंगावर शालू घेऊन उभा राहिला की नवख्या बायका आधी हसायच्या, मग त्याला विसरून जायच्या आणि फक्त साडी बघायच्या.

समोर गादीच्या कडेला तिघी बसल्या होत्या. साठीच्या वच्छलाबाई, त्यांची लेक अमृता आणि दोघींच्या मधे तनुजा. शालू तनुजासाठी होता. ती वच्छलाबाईंची होणारी सून होती, आणि हे सोमनाथला पंधरा मिनिटांपूर्वी कळलं होतं.

तो आणि तनुजा मिळून बाहुल्यांचा खेळ करायचे, बरीच वर्षं. बाहुल्यांची तोंडं तो लाकडातून कोरायचा, रंगवायचा. दुकानातल्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून त्यांचे कपडे शिवायचा, मागचे पडदे रंगवायचा, गाणी रचायचा. आवाज सगळे तिचे. राजाचा, म्हातारीचा, कोल्ह्याचा, वाऱ्याचासुद्धा. ती पतसंस्थेतून सुटली आणि त्याचं दुकान बंद झालं की बजाजनगरमधल्या त्याच्या खोलीत तालीम व्हायची. शाळांमधून, गणपतीच्या मंडपांतून खेळ व्हायचे. पुढच्या महिन्यात पंचवीस तारखेला नाशिकच्या एका महोत्सवानं बोलावलं होतं. एवढं मोठं बोलावणं पहिलंच होतं.

लग्नाचं ती काही बोलली नव्हती. तिघी जिना चढून आत आल्या तेव्हा सोमनाथच्या तोंडून रोजचंच वाक्य निघालं होतं, "या ताई, बसा. बस्त्याचं बघायचंय का?" ओळख दाखवायची वेळ तेवढ्यात निघून गेली. तनुजा जराशी थबकली. मग तिनं चपला काढल्या आणि ती गादीवर येऊन बसली.

"दादा, तो मागचा दाखवा," ती म्हणाली होती.

एरवीही ती त्याला दादाच म्हणायची. दुकानात येणारी प्रत्येक बाई त्याला दादाच म्हणायची. त्यामुळे कुणाला काही कळायचं कारण नव्हतं.

वच्छलाबाई बोलक्या होत्या. सोयगावकडून सकाळच्या गाडीनं आल्या होत्या. मुलगा वाळूजला कंपनीत आहे, उशिरा जमलं पण मनासारखं जमलं, असं त्यांनी साड्या उलगडता उलगडता सांगून टाकलं. मग फॉल-पिकोला किती दिवस लागतील ते विचारलं. लग्न कधी आहे, असं सोमनाथनं विचारलं.

"पुढच्या महिन्यात, पंचवीसला," वच्छलाबाई म्हणाल्या. "तशा दोन तारखा निघाल्या होत्या. आमाला पुढची बरी होती, पाव्हण्यांना सवड होती. पर हिनंच हट्ट धरला. पंचवीसच पायजे म्हणे."

अमृता हसली आणि वहिनीला घाई झालीय म्हणून तिनं तनुजाला कोपरानं ढोसलं. तनुजा मांडीवरच्या साडीची जर बोटानं चाचपत राहिली.

सोमनाथच्या हातात एका साडीची घडी अर्धवट होती. ती त्यानं पुरी केली. आता काहीतरी वाटेल, म्हणून त्यानं थोडी वाट पाहिली. राग येईल, निदान वाईट वाटेल. काही झालं नाही. दुसरी साडी ओढून त्यानं ती उलगडली.

हे आजचंच नव्हतं. दोनेक वर्षं असंच चाललं होतं. पडद्यामागे त्याचे हात वर असायचे, कोल्हा म्हातारीला फसवत असायचा, पोरं किंचाळून हसायची आणि त्याच्या डोक्यात मात्र उद्या कुठला माल वर काढायचा याचा विचार सुरू असायचा. खेळ संपला की टाळ्या व्हायच्या. तो बाहुल्या पेटीत ठेवायचा. घरी येऊन जेवायचा. नाशिकचं पत्र आलं त्या दिवशीही तो वेळेवर झोपला होता. बंद करावं असं कधी मनात येऊन गेलं, पण तनुजा एवढ्या लांबून तालमीला यायची, तिला कसं सांगणार?

वच्छलाबाईंचं मन एका जांभळ्या शालूवर बसलं होतं. सोमनाथनं तो बाजूला सारला.

"हा यांच्या चेहऱ्याला दाबतो. हळदीच्या रंगातला बघा."

"तुमाला कसं कळलं?"

"रोजचंच काम आहे, मावशी."

त्यानं पिवळा शालू तनुजाच्या खांद्यावर टाकला. तालमीच्या खोलीतला पिवळा दिवा तिच्या तोंडावर कसा पडायचा हे त्याला चांगलं ठाऊक होतं. आरशात बघून वच्छलाबाई हाच द्या म्हणाल्या.

मायलेकी गल्ल्याकडे गेल्या. तनुजा गादीवरच थांबली.

"सांगणार होते," ती हळू आवाजात म्हणाली.

"असू दे."

"राग आलाय का, दादा?"

सोमनाथनं खरंच विचार केला. तिच्याशी खोटं बोलायची सवय नव्हती.

"नाय आला."

"मला वाटलंच होतं," तनुजा म्हणाली. तिनं पुढ्यातल्या साड्या एकावर एक रचल्या, जणू तीही तिथंच कामाला होती. "नाशिकला फोन करा आजच. विसरू नका."

तिकडून अमृतानं हाक मारली. तनुजा उठली, चपला घालून जिना उतरली. सोमनाथ पसरलेल्या साड्यांच्या घड्या घालायला बसला.

दुपारी शेठचं जेवण चाललेलं असताना तो चहाच्या निमित्तानं बाहेर पडला आणि जिन्यात थांबून त्यानं फोन लावला. काय बोलायचं ते त्यानं ठरवून ठेवलं होतं. घरात लग्न निघालंय, आमचं येणं होणार नाही, माफ करा. महोत्सवाचं काम बघणाऱ्या मोनिका नावाच्या बाईंनी फोन उचलला. त्यानं नाव सांगितलं, तोच त्या बोलू लागल्या.

"बरं झालं सर, तुम्हीच केलात. तनुजाताईंनी मागेच कळवलंय. त्या येणार नाहीत, तुम्ही एकटेच येताय. पंचवीसची संध्याकाळ तुमच्याकडेच ठेवलीय. नवा खेळ आहे ना, बोलणं नसलेला?"

सोमनाथनं कठड्याला हात लावला.

असा एक खेळ होता खरा. मागच्या वर्षी त्यानं मांजरपाटाच्या कापडाचा एक माणूस बनवला होता, जवळजवळ स्वतःच्या उंचीचा. नाक-डोळे दिले नव्हते. पडद्यामागे लपायचंही नव्हतं, त्याला धरून लोकांसमोर चालायचं होतं. त्याला आवाज द्यावा असं सोमनाथला वाटलं नाही. एका रविवारी त्यानं तो खेळ तनुजाला करून दाखवला. ती दाराजवळ जमिनीवर बसून शेवटपर्यंत बघत राहिली. मग काहीच न बोलता कपबश्या विसळल्या आणि बस पकडायला निघून गेली. आवडला नाही, असं समजून त्यानं तो माणूस चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकला. पुन्हा दोघांपैकी कुणी विषय काढला नाही.

"त्यांनी कधी कळवलं?" त्यानं विचारलं.

"झाला महिना. पंचवीस तारीख पक्की ना, मागेपुढे होणार नाही ना, असं आधी दोनदा विचारलं. मग हे सांगितलं. एकच राहिलंय, सर. कार्यक्रमाची पत्रिका छपाईला द्यायचीय. खेळाचं नाव तुम्हीच सांगाल, असं त्या म्हणाल्या."

नाव त्यानं ठेवलंच नव्हतं.

खाली रस्त्यावर एक रिक्षावाला मागच्या हातगाडीवाल्यावर ओरडत होता. वरून शेठनं आवाज दिला, गिऱ्हाईक आलंय. सोमनाथ "आलो" म्हणाला आणि पायरीवर बसला. फोन त्यानं या कानावरून त्या कानाला नेला. डोक्यात माळ्यावरचा तो माणूस चालायला लागला होता.

"सर, आहात ना?"

"आहे," सोमनाथ म्हणाला. "थांबा जरा. सांगतो."