नेहू म्हणजे आता तू

आमची भाषा धड बोलणारी आता मी एकटीच उरले आहे. चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवून गुडघे गेले, पण जीभ शाबूत आहे. थोरली बहीण, आक्का, दोन वर्षांपूर्वी गेली आणि मी सुईदोऱ्याशी बोलायला लागले. सुई कसली हुंकार देतेय!

आक्काच्या आवाजाच्या बेचाळीस कॅसेटी समाजाच्या मंडळात, लोखंडी कपाटात आहेत. नियम मंडळानेच केला आहे: ज्याचा आवाज, त्याच्या जवळच्या नातलगाच्या सहीशिवाय कॅसेट बाहेर जायची नाही. आक्काला मूलबाळ नाही, म्हणून सही माझी.

एका कंपनीला त्या सगळ्या हव्या होत्या. "आमचं यंत्र तुमच्याशी बोलेल आजी. आक्कांच्याच आवाजात," कंपनीचा माणूस म्हणाला. खोटं कशाला सांगू, मला मोह पडला. आधी नमुना दाखवा म्हटलं आणि एक कॅसेट महिन्याच्या बोलीवर दिली.

आज तो नमुना घेऊन आला. मंडळाच्या टेबलावर एक डबी ठेवली. "जेवलीस का?" मी आमच्या भाषेत विचारलं आणि आक्का बोलली. तीच, सर्दी झाल्यासारखी. मला रडू आवरेना. जेवण, पाठदुखी, शेजारीण, सगळं बोलली. बोलतच राहिली. मी वाट पाहत होते.

"ही नेहू म्हणत नाहीये," मी म्हणाले.

आमच्यात आपलं बोलणं संपलं की 'नेहू' म्हणतात. माझं झालं, आता तू. ते ऐकेपर्यंत दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही आणि ऐकल्यावर गप्प राहायचं नाही. लहानपणी आक्का मुद्दाम नेहू म्हणायची नाही आणि मी धुमसत बसायची.

"तो शब्द होय! दर वेळी यायचा आणि पुढे नुसती शांतता. दोन्ही साफ केलं आम्ही," माणूस कौतुकाने म्हणाला.

"ती शांतता माझी होती."

कॅसेट भरताना मी आक्कासमोर बसले होते. आवाज करू नका, अशी मला ताकीद होती. ती नेहू म्हणायची आणि मी नुसती मान हलवायची.

"परत घालू की. बाकीच्या कॅसेटी तेवढ्या द्या."

"न विचारता काढलंत. उद्या न विचारता काहीही घालाल."

माझी भाची मंडळाची चिटणीस. तिने कागद पुढे केला आणि हळूच म्हणाली, "आत्या, तुला सोबत झाली असती गं."

झाली असती. मी कागदावर 'नाही' लिहून सही केली. भाचीने त्याच्याकडची नक्कल समोर पुसून घेतली, कॅसेट ताब्यात घेतली. तो रिकामी डबी उचलून गेला.

मग मी तीच कॅसेट लावायला सांगितली. आक्का बोलली, नेहू म्हणाली, थांबली. या वेळी मी उत्तर दिलं. माझे तीन शब्द होतात न होतात तोच तिने पुढचं सुरू केलं. जन्मभर हेच केलं बयेने.

शेवटी ती नेहू म्हणाली आणि कॅसेट संपली. आता मधे तोडणारं कोणी नव्हतं. मी मनसोक्त बोलले, दोन वर्षांचं. संपल्यावर सवयीने म्हटलं, "नेहू."

भाचीला आमची भाषा येत नाही. पण गप्प राहायचं नसतं, एवढं तिला आज मला बघून कळलं होतं. तिने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. तिच्याजवळ एकच शब्द होता.

"नेहू," ती म्हणाली.