आमच्या गटातली चौथी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे. दर्यापूर तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत, पाचवीच्या वर्गात राहते. माझे तीन पाय नीट टेकतात. चौथा नुसती हजेरी लावतो.

पूर्वी नत्थुजी गुरुजी माझ्यावर बसत. पोरे खाली बसून त्यांच्याकडे, म्हणजे पर्यायाने माझ्याकडे, पाहत. माझा वेत फाटला तेव्हा गुरुजींनी घरच्या खाटेची सुती नवार काढून माझ्यावर विणली आणि स्वतः जमिनीवर झोपू लागले. याला म्हणतात मान.

गुरुजी निवृत्त झाले, दीपमाला मॅडम आल्या. त्याही माझ्यावर बसायच्या. मग मागच्या उन्हाळ्यात त्या अमरावतीला प्रशिक्षणाला गेल्या आणि पार बिघडून आल्या.

"आता चौघाचौघांचे गट," त्यांनी पोरांना सांगितले. "प्रत्येकाने धड्याचा एक तुकडा शिकायचा आणि बाकीच्या तिघांना शिकवायचा. एकाचा जरी राहिला, तरी गटाचा धडा अपुरा." आणि त्या सतरंजीवर मांडी घालून बसल्या.

सतरंजीवर, मित्रांनो. जिच्यावर पोरे खिचडी सांडतात, तिच्यावर. मी कोपऱ्यात, आणि ती वर्गाच्या मधोमध लाज सोडून पसरलेली. पोरे भांडत, हसत, एकमेकांना शिकवत, ते सगळे तिच्या अंगावर. मी जळायचे. खरे तर सागवानाने जळू नये, धोक्याचे असते. पण उंदराने तिचा कोपरा कुरतडला, त्या दिवशी मला फार छान झोप लागली.

एकदा मुख्याध्यापक शेखर सर म्हणाले, "मॅडम, हे डुगडुगी शनिवारी भंगारवाल्याले देऊन टाकू. नुसती जागा अडवून राह्यली."

मॅडम म्हणाल्या, "बरं."

एवढेच.

शुक्रवारी प्रशिक्षणाचे साहेब वर्ग पाहायला आले. धडा कापसाचा होता. बोंड, सरकी, सूत आणि कापड असे चार तुकडे चौघांत वाटायचे होते. एका गटातली अपेक्षा रडवेली होऊन उभी राहिली.

"मॅडम, आमी तं तिघंच आहो. कुलदीप मामाच्या गावाले गेला. कापड कोन सांगन?"

तिच्या गटातल्या प्रणालीने माझ्या नवारीकडे बोट केले. "हे खुर्ची सांगन ना. सुताचीच तं विणली हाये."

"खुर्ची बोलते काय बे?" शेजारच्या गटातला मनोज म्हणाला.

"कुलदीप तरी कुठी बोलते?"

पोरांनी मला ओढत सतरंजीच्या काठाशी आणले. तिघांनी माझ्या नवारीत बोटे घातली. एक पट्टी वरून, एक खालून, एक उभी, एक आडवी. अपेक्षाने ओढून पाहिले. "सुटत नाई," ती म्हणाली. "एकमेकीले धरून हायेत." ते गटातल्या तिसऱ्याने, नागसेनने, पाटीवर लिहून घेतले. इतकी वर्षे मी वर्गात होते, पण कुणी मला वाचले नव्हते.

तेवढ्यात उभे राहून थकलेले साहेब माझ्यावर टेकायला वाकले.

"साहेब, थांबा," नागसेन म्हणाला. "थे रिकामी नाही. आमच्या गटात हाये. तिचं सांगनं बाकी हाये."

साहेब वाकलेलेच राहिले. गटात कुणाचीही पाळी मोडू नये, हे त्यांनीच प्रशिक्षणात शिकवले होते. ते सरळ झाले, मला "माफ करा" म्हणाले आणि खाली बसले.

कुठे? सतरंजीवर. मी पुन्हा जळले.

शनिवारी भंगारवाला आला. "खुर्ची नाही देता येणार सर," मॅडम म्हणाल्या, "पोरांचा गट मोडतो." शेखर सरांनी मग भंगारवाल्याला गळकी बादली दिली. नागसेनने माझ्या चौथ्या पायाखाली तुटक्या चपलेचा तुकडा ठोकला.

सोमवारी कुलदीप आला. आपल्या जागी खुर्ची पाहून तो कोपऱ्यात जाऊन बसला. माझ्याच कोपऱ्यात. तिथून तो माझ्याकडे असा पाहत होता, की इतके दिवस माझे तोंड कसे दिसत असेल ते मला कळले.

"ये बे," प्रणाली म्हणाली. "बस तिच्यावर. दोघं मिळून सांगा."

तो बसला. मी डुगडुगले नाही, तोही सांगताना अडखळला नाही.

म्हणून मित्रांनो, कोपऱ्यात कुणी गप्प बसलेले दिसले, तर त्याला टाकून देण्याआधी त्याचा तुकडा ऐकून घ्या. खुर्ची असेल तर पाय ठोकून घ्या, नवार ताणून घ्या. आणि सतरंजी झटकाल तेव्हा जरा जोरात झटका.