हातवाल्या बाबाचा हात

कडावला देवळापुढं एवढी गर्दी, की पोरं चिंचेवर चढून बसलेली. मधी हातवाला बाबा. बाबापुढं पाटावर लाकडाचा हात.

"ह्यो देवीचा हात!" बाबा गरजला. "जिनं तुमच्या म्हशींना नजर लावली, तिला ह्या हाताची कळ लागंल. निर्दोष बाईला मुंगी बी चावायची नाय!"

गावातल्या म्हशींच्या कासा सुजल्या होत्या, दूध आटलं होतं. माझी नातसून सोनाली पहिल्यापासून सांगत होती, "गुरांचा डॉक्टर आणा." पण आणला बाबा.

एकेक बाई बसायची. तिचा हात घोंगडीखाली, डोळ्यांपुढं लाकडाचा. बाबा दोन मोरपिसं घेऊन एक लाकडावर फिरवायचा, एक घोंगडीखाली. मग लाकडावर दाणकन कोयता! इंदूबाई हसून उठली. ठमी जांभई देऊन उठली. सोनाली बसली, कोयता पडला आन् पोरगी किंचाळली, "आई गं, माझा हात!"

बघणाऱ्यांनी बी आपापले हात छातीशी ओढले. मी बी ओढला.

"सापडली!" बाबा नाचाय लागला.

माझी सून ललिता, म्हंजे सोनालीची सासू, तिथंच म्हणाली, "रविवारी हिला माहेरी धाडायची. परत आणायची नाय." माझा नातू विलास बायकोकडं बघंना की आईकडं बघंना.

घरी सोनाली मला म्हणाली, "आजी, मला खरंच कळ लागली. म्हंजे मीच हाय का ती?"

तिथं माझं डोकं फिरलं. बाबाचा सूड घ्यायचाच.

शेजारच्या लियाकतभाईंची लेक फराह कर्जतला डॉक्टर हाय. तिला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "आजी, दोन्ही पिसं बरोबर फिरत होती का?"

"सोनालीची बरोबर. इंदूबाईची एक थांबलं की दुसरं."

फराह हसली. "डोळ्यांना दिसतं तेव्हाच कातडीला लागलं, की मेंदू म्हणतो, हा हात माझाच. मग कोयता पडला की माणूस दचकतोच. पिसं मागं-पुढं केली की मेंदू सहसा फसत नाही. आणि दुसऱ्याला लागताना बघूनसुद्धा आपला मेंदू कळवळतो, म्हणून तुम्हीही हात ओढलात."

म्हंजे कोण किंचाळणार ते बाबाच ठरवत होता! आन् सोनालीचं ऐकून गुरांचा डॉक्टर आला असता तर धंदा कुणाचा बसला असता?

"फराह, युक्ती ठाऊक असलेला माणूस बी फसतो का गं?"

"तरीपण फसतो, आजी."

बस्स. मला तेवढंच पायजे होतं.

विलासचा कारखान्यातला रबरी हातमोजा घेतला, त्यात भाताचा कोंडा ठासला आन् फराहला घेऊन देवळापुढं बाबाच्या भर गर्दीत गेले. "देवी सपनात आली! वाघावर नाय, माथेरानच्या घोड्यावर! म्हणाली, माझ्या लाडक्या बाबाचा हात पाटावर घे!"

"मला काय व्हायचंय, म्हातारे?" बाबा हसला.

"मग बसा की, म्हाराज. का भ्या वाटतंय?"

बसला. काय करतो? सगळं गाव बघत होतं. मोजा पाटावर, त्याचा हात घोंगडीखाली. मी पिसं फिरवली, सावकाश, दोन्ही बरोबर. बाबाची नजर मोज्यावर खिळली. कपाळावर घाम आला. मग मी पदराखालनं खलबत्त्याचा बत्ता काढला आन् मोज्यावर आपटला.

"मेलो गं आये!" बाबा घोंगडीसकट उताणा. कोंडा त्याच्या दाढीत.

"सापडला!" मी बोंबलले. "म्हशींना नजर लावणारा सापडला! कळ लागंल त्योच गुन्हेगार, नेम ह्याचाच हाय!"

लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग फराहनं सगळ्यांना उलगडून सांगितलं. तरी ललिता तोंड वाकडं करून उभी. तिला बसवली. ती तर बाबापरीस मोठ्यानं किंचाळली.

"आता रविवारी कोण कुणाला माहेरी धाडतंय गं, ललिता?"

ती सोनालीपुढं खाली मान घालून उभी राहिली. बाबा टेंपोत चढत होता, तवर फराहनं बोलावलेले पोलीस आले. म्हशींना गुरांच्या डॉक्टरनं इंजेक्शनं दिली, दूध परत सुरू झालं.

मी थापाडी, गावाला ठाऊक हाय. म्हणून माझ्यावर बी इस्वास ठेवू नका. घरी मोजा भरा, दोन पिसं घ्या, करून बघा. तुमी बी किंचाळाल. आन् मग सांगा, तुमाला कुणी घराबाहेर काढायचं?