निळी सही

"भाऊ, कोणाले नाही म्हणू नको. तुझं नाही मी सांभाळतो."

वीस वर्षांपूर्वीचा, जुन्या कारकुनाचा, कवडूचा आवाज. पेनाचं टोपण काढलं, की तो आमदार वसंतरावांच्या कानात उतरे. आज तर समोर कवडूचीच लेक बसली होती.

सुचितानं शिफारशीचं पत्र सहीसाठी पुढे सरकवलं. तिसरं.

"पुन्हा त्रास देऊन राहिली, काकाजी. माझी शाळा पार डोंगरात. तिगावले बदली झाली तर मायजवळ राहीन. तिले आता दिसतच नाही. परवा तापल्या तव्यावर हात ठेवला तिनं."

वसंतरावांनी चष्मा काढून डोळे चोळले. दाराबाहेर सौंसरची माणसं सकाळपासून खोळंबली होती. जो तो पत्र घेऊनच जाणार होता. रिकामा कोणी नाही.

त्यांच्या कापसाच्या जिनिंगमध्ये सरकी एकीकडे पडे, रुई एकीकडे. पत्रांत मात्र हो आणि नाही एकाच गाठीत बांधलेलं. हिरव्या शाईची सही असली, की कचेरीतल्या साहेबांनी काम करायचं. निळी असली, की पत्र नुसतं ठेवून घ्यायचं. तिगावची जागा जिनिंगमधल्या भागीदाराच्या सुनेला कबूल होऊन वर्ष झालं होतं.

हात सवयीनं डाव्या खिशाकडे गेला. सही निळी उमटली.

सुचितानं कागद उचलला, सहीवर हलकेच फुंकर घातली. कवडू घालायचा, अगदी तशी. मग घडी करून ती दाराशी पोचली.

"थांब, बेटा."

ती वळली. वसंतराव टोपण लावत होते. ते लागता लागेना.

"या पत्रानं काही होत नाही. ते पहिले दोन, तेही तसेच. तिगाव तुले भेटत नाही. नाही म्हणतो मी."

सुचितानं ओढणी सारखी केली.

"माहीत हाय, काकाजी. तुमच्या पेनात शाई बाबाच भरत होते."

"मंग तीनदा कायले आली?"

"मायले माझ्याकडं न्यायचं हाय. ती घर सोडत नाही. म्हणे, भाऊ बदली करते. भाऊनं तोंडानं नाही म्हटलं, तरच निघीन." पुढे येऊन पत्र तिनं परत टेबलावर ठेवलं. "आता निघन ती."