बाळंतपण कुठं करायचं

बयाबाई गेल्याचं यशराजला कळलं तो मंगळवार होता. तो युगांडातल्या एका साखर कारखान्यात साखर शिजवायच्या कामावर. त्याच्या बापानं, आकारामानं, कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीहून फोन लावला तेव्हा तिकडं जेवणाची सुट्टी झाली होती.

"कशानं गेली आई?" पोरगं ओरडलंच.

"रिक्षात घालतोय तवरच संपलं. काय कळलंच न्हाई बघ तिला."

हे खोटं होतं. सकाळी भाकरी थापताना बयाबाईचं तोंड वाकडं झालं. आकारामानं तिला रिक्षात घातली. कोल्हापुरातल्या पहिल्या दवाखान्यात डॉक्टर नव्हते, दुसऱ्यात खाट नव्हती. तिसऱ्यात दोन्ही होतं, पण त्याच्या दारात पोचेपर्यंत तीन तास गेले होते आणि तिचा हात गार पडला होता. लांबच्या पोराला हे कशाला, म्हणून त्यानं गिळलं. दिवस घालायला यशराज येऊन गेला, तेव्हाही तो बोलला नाही.

पाच महिन्यांनी यशराजचा व्हिडिओ कॉल आला. त्याच्या बायकोला, निशिगंधाला, सातवा लागला होता. तिला आई नव्हती. बयाबाई असती तर बाळंतपण तिनंच केलं असतं.

"आबा, कागदावर दोन रकाने पाडल्यात बघा," यशराज म्हणाला. "एकात हितलं, एकात तिथलं. हितं कारखान्याची वसाहत हाय. लाईट जात न्हाई, कारखाना स्वतःच करतोय. पाणी चोवीस तास. नर्स आठवड्याला घरी येऊन हिचं बीपी बघती. पण मलेरिया हाय, आणि ऑपरेशनची पाळी आली तर शहर दोन तासांवर, रस्ता मातीचा. आता तिथलं सांगा. पाणी?"

"दिवसाआड."

"लाईट?"

"सकाळधरनं न्हाई."

"म्हंजे दोन्हीत युगांडा पुढं!" यशराज हसला. "पण दवाखाना? कोल्हापूर अर्ध्या तासावर. थोरले डॉक्टर, मशिनी. ह्या एकावरच तिथलं पारडं जड होतंय, न्हवं?"

"व्हय," आकाराम म्हणाला.

शेजारची शालूबाई भिंतीपलीकडून ऐकत होतीच. "आणा की पोरीला! तिथं म्हणं दारात सिंह येऊन बसत्यात!"

"काकू, सिंह कुठला, नुसता ऊस हाय," फोनवर यशराजच्या मागून निशिगंधा म्हणाली. "तुमच्या गल्लीतल्या कुत्र्यांचंच मला जास्त भ्या."

दुसऱ्या दिवशी आकाराम त्या पहिल्या दवाखान्यात गेला.

"बाळंतीण अवेळी आणली तर डॉक्टर असत्यात न्हवं?"

काउंटरवरच्या मुलीनं मान वर केली नाही. "पावणं, आधी पेशंट तर आणा. मग बघू."

"मागल्या खेपंला आणलावता की."

तिनं वर बघितलं. "मग?"

तो वळून बाहेर पडला. दुसऱ्या दवाखान्यात सांगितलं, खाटेचं आधी कोण सांगणार? तिसऱ्याच्या गल्लीत मोटारसायकल वळवली, पण दारापर्यंत न जाता त्यानं ती बाजूला लावली आणि कट्ट्यावर बसून राहिला. तिकडं दोन तासांचा मातीचा रस्ता, पण कुठल्या दारात जायचं ते नर्सला ठाऊक. इकडं अर्धा तास, आणि दार निवडायचं त्यानं. या वेळी मांडीवर निशिगंधाचं डोकं असणार. 'तिथंच राहा' म्हणावं आणि तिथं काही झालं तर? आणि खरं सांगितलं तर पोरगं पहिलं हेच विचारणार, आबा, तिसऱ्यात आधी का न्हाई गेला?

संध्याकाळी त्यानं फोन लावला. निशिगंधानं उचलला. सासऱ्याला ती मामा म्हणायची.

"मामा, हे उद्याच तिकीट काढत्यात. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवसांच्या आत काय ते विमानात बसा. तुमच्याजवळ आले की मला कशाची काळजी न्हाई बघा."

"यशराज हाय का गं?"

"कारखान्यात पाळीवर गेल्यात. काय सांगू?"

"काय न्हाई," आकाराम म्हणाला. "जीवाला जप."

तिकीट उद्या निघणार आहे. त्या तीन तासांचं यशराजला सांगायचं अजून राहिलं आहे.