खोटं गाऱ्हाणं

माणसं दारात आलेली, हातात शाल, नारळ, हार. आणि ज्याच्यासाठी आली तो पोरगा मागच्या दाराने परसात! सगुणाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरपंच परेश बोर्लीच्या बाजारातून पेढे घेऊन आला होता. "लढाईवरून आलेला आपल्या गावचा वीर," म्हणून त्याने घसा साफ केला आणि बघतो तर वीराची खुर्ची रिकामी. शेवटी शाल तिच्याच खांद्यावर पडली, फोटो निघाला, मंडळी गेली.

ती तरातरा परसात आली. "पोट बिघडलं व्हय रं तुझं?"

"न्हाय."

"मग चार माणसांत बसायला काय झालं? हेलिकॉप्टरात बसतोस ना? का तिथंबी मागच्या दारानं उतरतोस?"

सुजित पत्र्यावर वाळत घातलेल्या आमसुलांकडे बघत राहिला. एरवी हा पोरगा एका शब्दाला दोन शब्द परत करायचा. तीन दिवस झाले, आई बोलतेय आणि हा गप्प.

सुजित हवाई दलात होता. हेलिकॉप्टर चालवणारा नव्हे, दारात उभा राहणारा. चालवणाऱ्या साहेबाला मागचं दिसत नाही. उतरताना दारातला माणूस बाहेर वाकतो आणि तोंडापुढच्या माइकमधून सांगत जातो, दहा फूट, पाच फूट, शेपूट मोकळी. त्याच्या बोलण्यावर साहेब यंत्र खाली टेकवतो. हे सगळं सगुणाबाईला पाठ होतं. लावणीला आलेल्या बायांना तिने ते इतक्या वेळा ऐकवलं होतं, की भागुबाई म्हणायची, आता आम्हीबी उतरवू गं हेलिकॉप्टर.

लढाई पेटली तेव्हा सतरा दिवस त्याचा फोन बंद होता. तिने घरातला टीव्ही उशीच्या अभ्र्याने झाकून ठेवला. जेवली, भाजणी केली, भांडली; कोणाला काही दिसू दिलं नाही. पण वरून विमान गेलं की हातातला घास हातातच राहायचा. आता लढाई थांबली होती, पण कायमची थांबली असं कोणी छातीठोक सांगत नव्हतं. चार दिवसांची रजा उद्या संपत होती. सकाळच्या दिघीच्या फेरीबोटीने तो निघणार, आणि पुन्हा त्याच दारात उभा राहणार.

"चल," ती म्हणाली. "देवीला कौल लावू. तिला विचारल्याशिवाय धाडायची न्हाय मी तुला."

ग्रामदेवीच्या देवळात काळूराम गुरवाने मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवल्या. रीत अशी, की ज्याचं काम त्याने आपल्या तोंडाने गुरवाला सांगायचं, आणि गुरव ते मोठ्याने देवीच्या कानावर घालणार, तेच गाऱ्हाणं. उजवी कळी आधी पडली तर होकार. मात्र काम लपवलं, तर कौल त्या कामाला लागत नाही.

"बोल, बाळा," काळूराम म्हणाला. "काय गाऱ्हाणं?"

सुजितने आईकडे पाहिलं. मग म्हणाला, "कामावर हजर व्हायचंय. जाऊ का?"

काळूरामने गाऱ्हाणं घातलं. सगुणाबाईचे डोळे डाव्या कळीवर होते. पड गं बाय, ती मनात म्हणत होती. डावी पड. नको म्हण. उजवी कळी घसरली आणि टपकन खाली आली.

"उजवा कौल!"

ती हसली, नमस्कार केला.

बाहेर आली तर सुजित पायरीवर बसला होता. घामाने सदरा पाठीला चिकटलेला.

"आये, कौल खोटा."

"थोबाड फोडीन. देवीचा कौल खोटा?"

"देवीचा न्हाय. माझं गाऱ्हाणं खोटं."

मग तो बोलू लागला, जमिनीकडे बघत.

"जखमी पोरं उचलायला गेलो होतो. दरीत, सकाळी. तिकडून तोफा चालू. उतरताना इतकी धूळ उठली, की साहेबांना हाताचं बोट दिसत नव्हतं. त्यांनी विचारलं, शेपूट मोकळी? मी बघत होतो, आये. मागं खडक होता. शेपटीचा पंखा त्याच्याकडं सरकत होता. मला सगळं दिसत होतं. तोंड उघडलं, आवाज न्हाय. साहेब पुन्हा विचारतायत, सुजित, बोल. जीभच न्हाय तोंडात."

"मग?"

"पलीकडच्या दारातला ओरडला, वर घ्या! हातभर अंतर राहिलं. फिरून पुन्हा उतरलो. सहा जणांना उचललं. त्यातला एक वाटेत गेला. त्या फिरण्यात तीन-चार मिनिटं गेली."

देवळासमोरचं ऊन एकदम पांढरं झालं.

"साहेब काय म्हणाले?"

"विचारलं, काय झालं. मी म्हणालो, माइक बिघडला. त्यांनी मला नवा माइक दिला." तो हसला, पण ते हसणं बघवत नव्हतं. "खरं सांगितलं तर डॉक्टर खाली बसवतील. न्हाय सांगितलं तर परवा पुन्हा दारात. सांगू का नको, हे विचारायचं होतं देवीला. तुझ्यासमोर तोंडातनं निघालं न्हाय."

खाली बसवतील. ते शब्द ऐकून तिच्या जिवाला गार वाटलं. मग उडणार नाही, मग वाचेल! पाठोपाठ गाव दिसलं. भागुबाई विचारणार, कसं गं, उतरवलं का हेलिकॉप्टर? परेश कुजबुजणार. भित्र्याची आई. आणि त्याच्याही मागे धूळ दिसली, त्या धुळीत विचारणारा एक माणूस, ज्याला कोणी उत्तर देत नाही.

ती त्याच्या शेजारी बसली नाही. समोर उभी राहिली.

"ऐक. भ्यालास त्याची मला लाज न्हाय. सतरा दिवस मी भ्यालेय, कोणाच्या बापाला कळलं न्हाय. पण माझ्या भिण्यानं कोणी खडकावर आपटणार नव्हतं. त्या साहेबालाबी आई असंल, पलीकडच्या दारातल्यालाबी असंल. तू भेकड न्हायस, सुजित. तू लबाड हायस, आणि लबाड माणूस दारात उभा करायचा नसतो. आत्ता, माझ्यासमोर फोन लाव. सांग, माइक चांगला होता. मग ते बसवू देत न्हायतर उडवू देत. आणि मोठ्यानं बोल, मला ऐकायचंय."